पावाविना बर्गर : एकाच तव्यावर साऱ्या घरचें रात्रीचें जेवण

ज्यानें आयुष्यभर ज्वारी पिकविली त्यालाच डॉक्टरांनीं "भाकरी कमी करा" असें सांगावें, याहून विलक्षण प्रसंग शेतकऱ्याच्या घरीं दुसरा कोणता येणार? अलीकडे हा प्रसंग आमच्या भागांतील कित्येक घरांवर आला आहे, आणि आमच्या स्वतःच्या घरावरहि आला. त्या निमित्तानें आमच्या स्वयंपाकघरांत जो एक पदार्थ रुळला, त्याची साग्र माहिती आमच्या शेतकरी बंधूंस द्यावी, या हेतूनें हा लेख लिहीत आहों. पदार्थ मूळचा अमेरिकेंतील असून त्याचें नांव बर्गर असें आहे. आम्ही सांगणार तो मात्र पावाविना बर्गर होय. तो करावयास अर्ध्या तासाहून थोडाच अधिक वेळ लागतो, तवा एकच लागतो, आणि मुख्य गोष्ट ही कीं, पथ्याचा मनुष्य व बिनपथ्याचीं मुलें एका पंगतीस बसून तोच पदार्थ खाऊं शकतात.

आमचे थोरले बंधू बारा एकरांचे शेतकरी आहेत. दोन वर्षांपूर्वीं त्यांच्या तळपायांत बाभळीचा कांटा मोडला. कांटा निघाला, परंतु महिना उलटला तरी जखम भरेना. तेव्हां तालुक्याच्या गांवीं जाऊन रक्त तपासलें, आणि रक्तांतील साखर फार वाढलेली आढळली. पुढें औषधोपचारानें जखम भरली व पाय वांचला. परंतु त्या दिवसापासून घरांत पथ्य शिरलें. वहिनी रात्रीं दोन स्वयंपाक करूं लागल्या. घरच्या माणसांसाठीं भात, भाकरी आणि बटाट्याचा रस्सा होई. आणि दादांसाठीं उकडलेली भाजी, पातळ वरण व मोजून अर्धी भाकरी निराळी निघे. दादा भिंतीकडे तोंड करून मुकाट्यानें जेवीत आणि उठत. दोन-तीन दिवस असे गेले कीं मध्यरात्रीं दुरडीवरचें झांकण वाजे, व सकाळीं एक भाकरी कमी भरे. पथ्य मोडतें तें बहुधा एकटेपणानें मोडतें, असें आमचें मत त्या दिवसांत बनलें.

एके दिवशीं वहिनी आम्हांस म्हणाल्या, "भाऊजी, दिवसभर खुरपणीला जायचं आणि संध्याकाळीं येऊन दोन-दोन सैंपाक करायचे, हें माझ्यानं कुठवर व्हायचं?" या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. पुढें दिवाळीच्या सुटीस पुण्यास शिकणारा पुतण्या घरीं आला. त्यानें आईपाशीं बर्गर करण्याचा हट्ट धरला. बर्गर म्हणजे काय, असें वहिनींनीं विचारतां तो म्हणाला, "खिम्याची टिक्की, आणि तिच्या खालीं-वर पाव." वहिनी क्षणभर थांबून म्हणाल्या, "मग पाव काढला तर तुझ्या बाबांना चालेल कीं!" या लेखाचें सारें सार त्या एका वाक्यांत आहे. पुढें लिहिलें आहे तो त्याचा विस्तार होय.

बर्गर पूर्वीं पावाविनाच होता

बर्गर या शब्दाचें मूळ जर्मनींतील हांबुर्ग या बंदराच्या नांवांत आहे. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंतील खाणावळींत "हांबुर्ग स्टेक" या नांवाचा पदार्थ मिळत असे. बारीक केलेल्या गोमांसाची ती चपटी टिक्की असे, व ती ताटांत वाढून सुरीकांट्यानें खात. जेम्स सॅलिसबरी नांवाचे एक अमेरिकन डॉक्टर त्याच शतकांत होऊन गेले. बारीक केलेलें मांस हेंच पुष्कळ विकारांवर पथ्यकर अन्न आहे असा त्यांचा आग्रह होता, आणि त्यांच्या नांवाची "सॅलिसबरी स्टेक" अद्यापि त्या देशांत प्रसिद्ध आहे. डॉक्टरसाहेबांचीं सर्व मतें आज कोणी मानीत नाहीं. परंतु पावाविना टिक्की ही कांहीं आजकालची टूम नव्हे, एवढें यावरून दिसून येईल.

टिक्कीस पाव प्रथम कोणी लाविला याविषयीं अमेरिकेंतील निरनिराळीं गांवें आपआपला हक्क सांगतात. त्या वादांत पडण्याचें आम्हांस प्रयोजन नाहीं. १९२१ सालीं कॅन्सस प्रांतांतील विचिटा शहरीं "व्हाइट कॅसल" हें दुकान निघालें, आणि तेथून पावांतला बर्गर स्वस्त व झटपट खाद्य म्हणून देशभर पसरला. पाव लावण्याचें कारणहि उघड आहे. कारखान्यांतील कामगारास व रस्त्यावरील प्रवाशास ताट, सुरी, कांटा यांवांचून उभ्याउभ्या खातां यावें, एवढाच त्याचा मुख्य उपयोग. घरीं पाटावर बसून जेवणाऱ्यास ती अडचण मुळींच नाहीं.

पुढें त्याच देशांत लठ्ठपणा व मधुमेह वाढले, तेव्हां लोक पाव पुन्हां काढूं लागले. कॅलिफोर्नियांत १९४८ सालीं सुरू झालेलें "इन-एन-आउट" हें दुकान पावाऐवजीं लेट्यूसच्या पानांत गुंडाळलेला बर्गर मागणाऱ्यास देतें. त्यास तेथें "प्रोटीन स्टाइल" म्हणतात. तेथील घरांतूनहि कामावरून परतलेले आईबाप रात्रीच्या जेवणास हाच पदार्थ करितात. त्यास कौशल्य फारसें लागत नाहीं, आणि मुलेंहि कुरकुर न करितां खातात.

पाव व भाकरी कमी करण्यांतील मर्म

धान्य, बटाटा, साखर यांत जे पिष्टमय व शर्करामय पदार्थ असतात, त्यांस शास्त्रांत कर्बोदकें म्हणतात. पोटांत त्यांची साखर होऊन ती रक्तांत जाते. मांस, अंडें, पनीर यांतील प्रथिनें व स्निग्ध अंश रक्तांतील साखर त्या मानानें फारच थोडी वाढवितात. हें ज्ञान जुनें आहे. १८६३ सालीं लंडन येथील विल्यम बँटिंग या गृहस्थानें पाव, साखर, बटाटा व बिअर सोडून आपला लठ्ठपणा कसा घालविला, याविषयीं एक पुस्तिका प्रसिद्ध केली, व ती इंग्लंडांत अतोनात खपली. १९२१ सालीं टोरोंटो येथें फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनीं इन्सुलिनचा शोध लावीपर्यंत, धान्य व साखर तोडणें हाच मधुमेहावर डॉक्टरांच्या हातीं असलेला मुख्य उपाय होता. अमेरिकेंतील मधुमेह संघटनेनें २०१९ सालच्या आपल्या अहवालांत, कर्बोदकें कमी केल्यानें रक्तांतील साखर आटोक्यांत येते याविषयींचा पुरावा इतर आहारपद्धतींपेक्षां अधिक आहे, असें मान्य केलें. परंतु सर्व रोग्यांस एकच प्रमाण लागू नाहीं, असेंहि त्याच अहवालांत म्हटलें आहे. तें वाचकांनीं विसरूं नये.

आपल्या देशाची स्थिति काय आहे तें पाहूं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्यानें झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत देशांतील सुमारें १० कोटी १० लक्ष लोकांस, म्हणजे प्रौढांपैकीं शेंकडा ११.४ जणांस, मधुमेह असल्याचा अंदाज दिला आहे. त्याच पाहणीच्या २०२५ सालच्या भागांत असें आढळलें कीं, आपल्या आहारांतील उष्मांकांपैकीं शेंकडा ६२ इतके कर्बोदकांपासून येतात, व तीं मुख्यतः पांढरा तांदूळ, दळलेलें धान्य व साखर यांचीं असतात.

यावर कोणी म्हणेल, आमचे आजेपणजे चार-चार भाकऱ्या खाऊन शंभरीस टेकले. तें म्हणणें आम्ही खोटें मानीत नाहीं. परंतु आमचे आजोबा दिवस उगवण्यापूर्वीं मोट धरीत, दिवसभर नांगरामागें चालत, आणि बाजारास पायीं जात. आज मोटेच्या जागीं विजेचा पंप आला, बैलांच्या जागीं ट्रॅक्टर आला, पायांच्या जागीं मोटरसायकल आली. भाकऱ्या मात्र तितक्याच राहिल्या, आणि त्यांत दिवसांतून चार वेळां साखरेचा चहा वाढला. जमाखर्चाची वही ठेवणाऱ्यास यांतील अर्थ निराळा सांगावयास नको.

आतां आंकड्यांनीं हिशेब मांडूं. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठांत सुमारें ७० ग्रॅम कर्बोदकें असतात. म्हणजे ६० ग्रॅम पिठाच्या एका भाकरींत तीं ४० ग्रॅमांच्या आसपास भरतात. बर्गरच्या एका मध्यम पावांत सुमारें २५ ग्रॅम असतात. पावाचा आंकडा लहान दिसला तरी तो मैद्याचा असल्यामुळें त्यांत चोथा नाममात्र असतो, व दोन पावांनीं कोणाचें पोट भरत नाहीं. आम्ही पुढें सांगितलेल्या खिम्याच्या एका टिक्कींत, कांदा धरूनहि, कर्बोदकें दोन ग्रॅमांच्या आसपासच येतात.

साहित्य

पुढील प्रमाण सहा टिक्क्यांचें आहे. तेवढ्यांत चार माणसांचें रात्रीचें जेवण होतें.

बोकडाचा खिमा ५०० ग्रॅम, मध्यम कांदा १, आलें-लसणाचें वाटण १ मोठा चमचा, हिरव्या मिरच्या ३, कोथिंबीर मूठभर, कांदा-लसूण मसाला १ लहान चमचा, मिरपूड अर्धा लहान चमचा, मीठ १ लहान चमचा, अंडें १, भाजून कुटलेल्या जवसाची पूड १ मोठा चमचा, तव्यास लावण्यापुरतें तेल. गुंडाळण्यास कोबीचीं किंवा लेट्यूसचीं मोठीं पानें १२. सोबत टोमॅटो, कांदा व काकडी यांच्या चकत्या.

अमेरिकेंतील बर्गर गोमांसाचा असतो. आपल्या राज्यांत गाईबैलांच्या हत्येस कायद्यानें बंदी आहे, व शेतकऱ्याच्या मनासहि ती गोष्ट रुचणारी नाहीं. तेव्हां बोकडाचा किंवा कोंबडीचा खिमा घ्यावा. उस्मानाबादी शेळी ही तर मराठवाड्याची आपली नांवाजलेली जात आहे. तिच्या बोकडाचें मांस चवीस उत्तम, परंतु त्यांत चरबी कमी असते. अमेरिकन लोक टिक्कीसाठीं पांच भागांत एक भाग चरबी असलेलें मांस निवडतात, कारण चरबीवांचून टिक्की कोरडी व चिवट होते. म्हणून खाटकास खांद्याचें मांस घेऊन त्यांत थोडी चरबी घालावयास सांगावें, व खिमा यंत्रांतून दोनदां काढून घ्यावा. ज्यांस हृदयविकार आहे त्यांनीं चरबी न घालतां एक चमचा तेल घालावें.

कृति

प्रथम आमची चूक सांगतों, म्हणजे वाचकांची एक रात्र वांचेल. पहिल्या खेपेस आम्हीं कांदा वाटून घातला, आणि कोथिंबीर धुऊन तशीच ओली चिरली. मिश्रण सैल झालें. टिक्की तव्यावर टाकून उलथण्यानें परतावी तों तिचे चार तुकडे झाले, व पाहतां पाहतां साऱ्या टिक्क्यांचा खिमा झाला. तो आम्हीं खिमा म्हणूनच वाढला. बर्गरचें नांव बुडालें, जेवण बुडालें नाहीं, एवढेंच समाधान. सबब पहिला नियम हा कीं, टिक्कींत पाणी जाऊं देऊं नये. कांदा सुरीनें अगदीं बारीक चिरावा, त्यास चिमूटभर मीठ लावून दहा मिनिटें ठेवावा, आणि फडक्यांत घालून घट्ट पिळावा. कोथिंबीर कोरडी करून चिरावी.

नंतर परातींत खिमा घेऊन त्यांत कांदा, मिरच्या, कोथिंबीर, वाटण, मसाला, मिरपूड, जवसाची पूड व अंडें घालावें. मीठ सर्वांच्या शेवटीं घालावें. मीठ व हाताचा दाब यांनीं मांसांतील प्रथिनें चिकट होतात व टिक्की एकजीव धरते. परंतु फार मळल्यास तीच टिक्की रबरासारखी होते. दोन मिनिटें हलक्या हातानें मळणें पुरेसें आहे. पुष्कळ लोक बांधण्यासाठीं पावाचा चुरा किंवा बटाटा घालतात. आपणांस नेमकें तेंच टाळावयाचें आहे. म्हणून ती कामगिरी येथें अंडें व जवस यांनीं केली आहे.

मिश्रणाचे सहा सारखे गोळे करून तळहातावर थापावे. टिक्की बोटभर जाड असावी, व मधोमध अंगठ्यानें दाबून लहानशी खळी करावी. मांस आंचेवर कडांकडून आंवळत येतें आणि मध्यभाग फुगून वर येतो. खळी ठेविल्यानें टिक्की सपाट राहते व सारखी शिजते.

तवा चांगला तापल्यावर त्यावर तेल सोडून टिक्क्या ठेवाव्या, व आंच मध्यम करावी. एका वेळीं तीनच टाकाव्या. दाटी केल्यास पाणी सुटून त्या भाजण्याऐवजीं उकडतात. पांच मिनिटें टिक्कीस हात लावूं नये. खालची बाजू खरपूस तांबूस झाली म्हणजे ती आपोआप तव्यापासून सुटते. जी सुटत नाहीं ती उलटण्यास तयार नाहीं असें समजावें. उलटल्यावर दुसरी बाजू पांच मिनिटें भाजावी, मग आंच मंद करून तीन मिनिटें झांकण ठेवावें. उलथण्यानें टिक्की दाबण्याचा मोह पुष्कळांस होतो. तो आवरावा, कारण दाबल्यानें आंतील रस तव्यावर जातो आणि टिक्की कोरडी पडते.

टिक्की आंतून पूर्ण शिजली पाहिजे, याविषयीं तडजोड नको. अखंड तुकड्याच्या मांसांत रोगजंतु बहुधा वरच्या पृष्ठभागावर असतात व ते भाजतांना मरतात. खिमा करितांना मात्र तेच जंतु आंतपर्यंत मिसळले जातात. १९९३ सालीं अमेरिकेच्या पश्चिम भागांत अर्धवट भाजलेल्या बर्गरमुळें सातशेंहून अधिक लोक आजारी पडले व चार मुलें दगावलीं. तेथील सरकार खिम्यासाठीं ७१ व कोंबडीसाठीं ७४ अंश सेल्सियस उष्णता आंतपर्यंत पोंचावी असें सांगतें. घरीं एक टिक्की मोडून पाहावी. मध्यें गुलाबी रंग नसावा व सुटणारा रस स्वच्छ असावा. उष्णतामापक घेतां आला तर याहून खात्रीचें साधन नाहीं.

टिक्क्या तव्यावर असतांनाच पानें तयार करावीं. लेट्यूसचें पान कोंवळें व कुरकुरीत असतें. तें वाहत्या पाण्यानें धुऊन कोरडें केलें कीं झालें. खेड्यांत लेट्यूस कोठून आणावा, असें विचाराल तर त्याचें कांहीं अडत नाहीं. कोबीचा गड्डा कोणत्याहि बाजारीं मिळतो, आणि भाव पडला म्हणजे त्यावर रोटाव्हेटर फिरविण्याची पाळी येते तें आपण जाणतांच. गड्ड्याचा दांडा कापून पानें अखंड सोडवावीं, उकळत्या पाण्यांत अर्धें मिनिट बुडवून लगेच थंड पाण्यांत टाकावीं. तीं मऊ होतात व गुंडाळतांना फाटत नाहींत. जाड शीर सुरीनें तासून काढावी. स्वतःच्या शेतांतील कोबी घेणाऱ्यानें शेवटच्या फवारणीनंतर ठरलेले दिवस लोटले आहेत कीं नाहीं, हें अवश्य पाहावें. परक्यास विकतांना जी काळजी घ्यावी, तीच घरच्या ताटासाठींहि घ्यावी.

आतां चटणीचा विचार. बाजारच्या टोमॅटोच्या सॉसमध्यें सुमारें चौथा हिस्सा साखर असते. एक मोठा चमचा सॉस म्हणजे जवळजवळ एक लहान चमचा साखर. पाव सोडून सॉस घेणें म्हणजे पुढच्या दारानें चोर घालवून मागच्या दारानें आंत घेणें होय. त्याऐवजीं दहीं फडक्यांत बांधून टांगावें, व त्याच्या चक्क्यांत फेसलेली मोहरी, ठेंचलेला लसूण आणि मीठ घालून कालवावें. मोहरीच्या झणक्यापुढें सॉसची आठवण कोणास होत नाहीं.

दोन पानें एकमेकांवर ठेवून त्यांवर चटणी लावावी, टिक्की ठेवावी, वर कांदा, टोमॅटो व काकडीच्या चकत्या मांडून पान पुडीसारखें बांधावें व दोन्ही हातांनीं धरून खावें. सोबत तळलेला बटाटा न घेतां मुळ्याची किंवा काकडीची कोशिंबीर घ्यावी.

शाकाहारी घरांसाठीं

आमच्या वाचकांत शाकाहारी घरें पुष्कळ आहेत. त्यांनीं १०० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या गरम पाण्यांत पंधरा मिनिटें भिजवून, अगदीं घट्ट पिळून, बारीक कराव्या. त्यांत २०० ग्रॅम कुसकरलेलें पनीर, २ मोठे चमचे भाजलेलें बेसन, २ मोठे चमचे दाण्याचें कूट व वरीलप्रमाणें कांदा-मसाला घालावा. यांत अंड्याची जरूरी नाहीं, कारण पनीर व बेसन मिश्रण धरून ठेवतात. या टिक्कींत कर्बोदकें आठ-दहा ग्रॅमांपर्यंत भरतात. तीं खिम्याहून अधिक असलीं तरी भाकरीच्या मानानें पुष्कळच कमी आहेत. सोयाबीन आपण पोत्यांनीं पिकवितों व सारें बाजारांत नेऊन टाकितों. त्यांतील प्रथिनांचा अंश थोडा तरी आपल्या घरीं परत यावा, अशी आमची इच्छा आहे.

वेळेची बचत

खिमा सकाळीं आणला असल्यास तो लगेच शीतपेटींत ठेवावा. कच्चा खिमा बाहेर दोन तासांहून अधिक राहूं देऊं नये, व उन्हाळ्यांत एक तासाहून अधिक नको. सकाळींच टिक्क्या थापून, दोन टिक्क्यांमध्यें कागद घालून ठेवल्यास, संध्याकाळीं शेतावरून आल्यावर भाजणें व पानें धुणें एवढेंच काम उरतें. आमच्या घरीं सात वाजतां तवा ठेवला कीं साडेसातास पंगत बसते.

सावधगिरी

चार गोष्टी कळकळीनें सांगतों. पहिली : जे इन्सुलिन घेतात, किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनीं डॉक्टरांस न विचारतां भाकरी एकदम बंद करूं नये. औषध तेवढेंच आणि अन्न कमी, असें झाल्यास साखर एकाएकी उतरून घाम, कांपरें, भोंवळ येते, व प्रसंगीं जिवावर बेततें. औषधाचें प्रमाण आहाराबरोबर बदलावें लागतें, आणि तें डॉक्टरांचें काम आहे. दुसरी : ज्यांच्या मूत्रपिंडांत बिघाड आहे त्यांनीं मांस व प्रथिनें किती घ्यावीं हें विचारून ठरवावें. तिसरी : वाढत्या मुलांस, गरोदर स्त्रियांस व दिवसभर अंगमेहनत करणाऱ्यांस धान्य हवें. त्यांनीं हीच टिक्की भाकरीबरोबर किंवा पावांत घालून खावी. चौथी : मांस रोज खाण्याचा हा उपदेश नव्हे. आठवड्यांतून एक-दोन रात्रीं हें जेवण करावें. इतर रात्रीं अंडीं, पनीर, मासे, पालेभाज्या व मोजकी उसळ असा पालट ठेवावा.

समारोप

दुसऱ्या खेपेस आमच्या टिक्क्या अखंड उतरल्या. पुतण्यानें व लहान पुतणीनें त्या पावांत घालून घेतल्या; आम्हीं भाकरीबरोबर घेतली; दादांनीं व वहिनींनीं कोबीच्या पानांत बांधून घेतली. पान धरतांना चटणी दादांच्या मनगटावरून कोंपरापर्यंत ओघळली व मुलें हंसूं लागलीं. दादाहि हंसले. मग ताटाकडे पाहून म्हणाले, "आज माझं ताट निराळं वाढलं नाहीं वाटतं." वहिनी कांहीं बोलल्या नाहींत, त्यांनीं आणखी एक टिक्की त्यांच्या ताटांत वाढली. त्या रात्रीं दुरडीचें झांकण वाजलें नाहीं. जेवणानंतर दोन तासांनीं घरच्या यंत्रावर साखर मोजली, ती एरवींपेक्षां कमी आली. एका घरच्या एका मोजणीवरून सिद्धांत बांधूं नये हें आम्ही जाणतों. म्हणून तो आंकडा येथें देत नाहीं.

आरंभीच्या प्रश्नास आतां उत्तर देतां येईल. ज्वारी पिकविणाऱ्यानें भाकरीशीं वैर धरावें, असें आमचें म्हणणें नाहीं. दादा दुपारीं शेतांतून आल्यावर एक भाकरी खातात, आणि ती स्वतःच्या रानांतील मालदांडीची असते. रात्रीच्या ताटांतली भाकरी तेवढी त्यांनीं सोडली आहे. अंगाचें कष्ट जसे कमी झाले तसें ताटहि बदलावें, व तें बदलतांना घरांतील एकाहि माणसास पंगतींतून उठवूं नये, एवढेंच आमचें सांगणें. वाचकांनीं हा पदार्थ एकदां करून पाहावा, त्यांत आपल्या भागांतील जिन्नस घालून सुधारणा कराव्या, आणि आपला अनुभव आम्हांस अवश्य लिहून कळवावा.